जुनी .२२ रायफल पुन्हा नेमकी कशी करावी

इंदूर आणि महूच्या काही मराठी घरांत आजही एखादी वडिलोपार्जित .२२ रायफल रीतसर परवान्यावर जपलेली असते. बहुतेक वेळा ती बीएसए किंवा ब्रनो बनावटीची असते, कधी आपल्याच आयुध निर्माणीची. आजोबांच्या काळी ती रानात फिरली असेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिचे तेही काम थांबले आणि पुढची कितीतरी वर्षे ती कपाटात तेल लावून उभी राहिली. आता घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी नेमबाजीकडे वळते, रायफल बाहेर निघते, आणि रेंजवर लक्षात येते की पन्नास मीटरवर गोळ्या एका जागी पडत नाहीत, दहातले एखादे काडतूस उडत नाही आणि रिकामे कवच कधी कधी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागीच, अडकून बसते. मग ‘दुर्बीण बसवू या का?’ किंवा ‘नवी नळी मिळेल का?’ हे प्रश्न सुरू होतात. माझे मत असे आहे की हे दोन्ही प्रश्न शेवटी विचारायचे असतात. जुन्या .२२ चे बहुतेक दोष काडतूस, मळ, स्क्रू आणि झिजलेले छोटे भाग यांत दडलेले असतात, आणि ते कोणत्या क्रमाने शोधावेत याला एक पक्के गणिती कारण आहे.

हे काडतूस जुने असले तरी मागे पडलेले नाही, हे आधी सांगायला हवे. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ मध्ये आले आणि आजही ऑलिंपिकमधल्या पन्नास मीटर रायफल प्रकारात तेच चालते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले ते याच काडतुसावर. आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर हाही याच प्रकारातला नेमबाज. लंडनला २०१२ मध्ये पंचवीस मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक जिंकणारा विजयकुमार महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये तयार झाला, आणि ते पिस्तूलही .२२ चेच. पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. घरच्या जुन्या रायफलीकडून ही अपेक्षा ठेवू नये, पण हाच आकडा समोर ठेवून पुढचे दोष मोजले की कोणता किती मोठा ते नीट कळते.

रिमफायर म्हणजे काय

मोठ्या बोअरच्या काडतुसात बुडाच्या मध्यभागी एक वेगळी टोपी बसवलेली असते आणि फायरिंग पिन तिच्यावर आपटते. .२२ मध्ये अशी टोपी नसते; ते रिमफायर, म्हणजे कडेवर पेटणारे काडतूस असते. पातळ पितळी कवचाच्या बुडाशी जी कडा बाहेर आलेली असते, ती आतून पोकळ असते, आणि स्फोटक मिश्रण ओले असताना कवच गरगर फिरवून ते या पोकळ कडेत पसरवले जाते. फायरिंग पिन ही कडा चेंबरच्या काठावर चिरडते, मिश्रण पेटते आणि दारू जळू लागते. या रचनेचे दोन परिणाम लक्षात ठेवावे लागतात. पहिला असा की मिश्रण कडेत सगळीकडे सारखे पसरले नसेल आणि पिन नेमकी विरळ जागी पडली, तर काडतूस उडत नाही. यात रायफलीचा काहीच दोष नसतो. दुसरा असा की कडा पुरेशी चिरडली जायची तर पिनेचे टोक, तिच्यामागची स्प्रिंग, चेंबरचा काठ आणि बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) व कडा यांच्यातले अंतर, हे चारही ठीक असावे लागतात. काडतुसाच्या कडेची जाडी साधारण १.१ मिलिमीटर असते, म्हणजे इथे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा फरकसुद्धा जाणवतो.

गोळीचीही एक खासियत आहे. ती उघड्या शिशाची असते, वजन बहुधा ४० ग्रेन म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम, आणि तिचा बाहेरचा व्यास कवचाइतकाच असतो. मागचा जरा बारीक केलेला भाग कवचात बसतो. त्यामुळे मेणासारखे वंगण गोळीच्या बाहेर, हाताला लागेल असे असते. जुन्या नळीच्या वागण्याचा बराचसा उलगडा या मऊ शिशातून आणि या वंगणातून होतो.

मोठा दोष आधी का शोधायचा

गोळ्या विखुरण्याची कारणे अनेक असतात आणि ती एकमेकांपासून स्वतंत्र असतात. अशा वेळी त्यांची साधी बेरीज होत नाही. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज करायची आणि तिचे वर्गमूळ काढायचे. समजा, काडतुसांमुळे पन्नास मीटरवर २० मिलिमीटरचा विखुरलेपणा येतो आणि नेम धरण्याच्या साधनामुळे ५ मिलिमीटरचा. दोन्ही मिळून होतात २०.६ मिलिमीटर. आता भारी दुर्बीण बसवून तुम्ही दुसरा दोष पूर्णपणे नाहीसा केलात, तरी हाती उरतात २० मिलिमीटर, म्हणजे इतका खर्च करूनही लक्ष्यावर फरक दिसणार नाही. त्याऐवजी चांगली काडतुसे निवडून पहिला दोष २० वरून १५ वर आणला, तर एकूण विखुरलेपणा १५.८ वर येतो. जो दोष सगळ्यांत मोठा, त्याच्यावरच पैसा आणि वेळ खर्च करावा, एवढे हे गणित सांगते. आणि जुन्या रायफलीत हा मोठा दोष बहुतेकदा बाजारातून येतो, पन्नास काडतुसांच्या डबीतून.

काडतूस

नळीतून निघताना सगळ्या गोळ्यांचा वेग सारखा नसतो. एका गोळीचा सरासरी वेग सेकंदाला ३२० मीटर आणि दुसरीचा ३१० मीटर धरला, तर पन्नास मीटर जायला पहिलीला ०.१५६ सेकंद लागतात आणि दुसरीला ०.१६१. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने पहिली सुमारे १२० मिलिमीटर खाली येते आणि दुसरी सुमारे १२७. म्हणजे नेमबाजाने आणि रायफलीने काहीही न चुकता, केवळ वेगातल्या या फरकामुळे उभ्या दिशेने सात ते आठ मिलिमीटरचे अंतर पडले. दहाचे वर्तुळ केवढे असते ते वर सांगितलेच आहे. लक्ष्यावर गोळ्या उभ्या ओळीत पसरत असतील आणि आडव्या दिशेने एकत्र असतील, तर आधी काडतुसावर संशय घ्यावा.

वेगवान काडतूस अधिक चांगले, हा समज .२२ च्या बाबतीत खोटा ठरतो. ‘हाय व्हेलॉसिटी’ असे लिहिलेली काडतुसे सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास जातात, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगाने निघतात, आणि लक्ष्याकडे जाता जाता त्यांचा वेग ध्वनीच्या वेगाखाली येऊ लागतो. या संक्रमणात हवेचा विरोध फार वाढतो आणि गोळी अस्थिर होऊ शकते. शिवाय आडव्या वाऱ्यात ती संथ गोळीपेक्षा जास्त वाहते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, पण ते खरे आहे. वाऱ्याचा परिणाम वेगावर ठरत नाही, हवेच्या विरोधाने गोळी किती मागे पडली यावर ठरतो. म्हणूनच स्पर्धेची काडतुसे मुद्दाम ३२० ते ३३० मीटरच्या आसपास ठेवलेली असतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तापमान १० अंशांच्या जवळ असते तेव्हा ध्वनीचा वेग ३३७ मीटर असतो आणि मे महिन्याच्या दुपारी ४० अंशांना तो ३५५ होतो. स्पर्धेची गोळी दोन्ही ऋतूंत या सीमेच्या खालीच राहते. मात्र मे महिन्यात काडतुसांची डबी गाडीत किंवा उन्हात ठेवू नये, कारण वंगण मऊ होऊन पुसले जाते आणि तापलेली दारू जरा वेगळी जळते.

एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांतही उत्पादनाच्या प्रत्येक खेपेचा गुण वेगळा असतो. खेपेचा क्रमांक डबीवर छापलेला असतो. मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन कारखान्याच्या चाचणी केंद्रावर जातात आणि तिला मानवणारी खेप निवडून वर्षभराचा साठा घेतात. आपल्याला ते शक्य नसले तरी तीन-चार प्रकारची एकेक डबी मिळवून तुलना करता येते. इथे एक पथ्य पाळावे लागते. प्रत्येक काडतुसाचे वंगण वेगळे असते आणि नळीत आधीच्या वंगणाचा थर असतो, म्हणून काडतूस बदलल्यावर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या हिशेबात धरू नयेत. एका प्रकारच्या पाच, लगेच दुसऱ्या प्रकारच्या पाच अशी तुलना केली तर कोणाचाच खरा गुण कळत नाही.

नळी

जुन्या नळीबद्दल लोक सर्वांत आधी ‘आटे झिजलेत’ असे म्हणतात. आटे म्हणजे नळीच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचा. .२२ ची मऊ शिशाची गोळी पोलादी आटे सहसा झिजवत नाही. नीट वापरलेली नळी हजारो गोळ्यांनंतरही चांगली राहते. नळी बिघडते ती गंजाने आणि सफाई करणाऱ्याच्या हाताने.

गंजाचे कारण जुन्या काडतुसांत आहे. पूर्वीच्या स्फोटक मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे, ते जळून पोटॅशियम क्लोराइड हे मीठ नळीत उरे, आणि ते हवेतला ओलावा ओढून घेई. पावसाळ्यात त्याच दिवशी सफाई झाली नाही की पोलादाला खड्डे पडत. आजची काडतुसे असे मीठ सोडत नाहीत, पण आजोबांच्या काळात पडलेले खड्डे भरून येत नाहीत. तरीही नळीच्या मधल्या भागातले विरळ खड्डे फारसे नडत नाहीत. शिसे साचते म्हणून सफाई लवकर लवकर करावी लागते एवढेच. चेंबरच्या पुढे जिथे आटे सुरू होतात तिथे आणि तोंडाशी असलेले खड्डे मात्र थेट नेमावर उठतात.

तोंडाची कडा ही नळीतली सर्वांत नाजूक जागा आहे. गोळीच्या मागचा वायू नेमका इथे मोकळा होतो, आणि कडा एका बाजूला झिजलेली असेल तर तो गोळीच्या बुडाला एका बाजूने ढकलतो. दर १६ इंचांना, म्हणजे ४०६ मिलिमीटरला, एक फेरा असलेल्या आट्यांतून ३२५ मीटर वेगाने निघालेली गोळी सेकंदाला सुमारे ८०० वेळा फिरत असते. सोडताना जाळी ओढली गेलेला भोवरा जसा आधी डुलतो, तशी ही गोळीही बाहेर पडताना धक्का बसला की डुलत जाते. ही झीज बहुतेकदा पुलथ्रूच्या दोरीने होते. एनसीसीत शिकलेल्या प्रत्येकाने चिंदी लावून पुलथ्रू ओढलेला असतो. दोरी सरळ न ओढता कायम एका अंगाने ओढली, आणि तिला धूळ लागलेली असली, की ती कडेवर कानशीसारखे काम करते. कानातला मळ काढायची कापसाची काडी तोंडाच्या आतून कडेवरून हलकेच फिरवून पाहावी. कापसाचा तंतू कुठे अडकला तर तिथे बारीक खाच किंवा उलटलेली धार आहे. लेथवर ही कडा पुन्हा सरळ आणि समकेंद्री करून घेणे हे कारागिराचे छोटे काम आहे, आणि जुन्या रायफलीवर करायच्या कामांत मला ते सर्वांत फायद्याचे वाटते.

सफाई चेंबरच्या बाजूने, एकसंध आणि लेप दिलेल्या सळईने करावी, आणि सळई आट्यांना घासू नये म्हणून मागे गाइड लावावा. मार्टिनी पद्धतीच्या, म्हणजे बोल्टऐवजी खालीवर होणारा ठोकळा असलेल्या, काही बीएसए रायफलींत मागून सळई घालता येत नाही. तिथे तोंडाच्या बाजूने घालावी लागते आणि कडेचे रक्षण करणारी पितळी किंवा प्लॅस्टिकची टोपी लावावीच लागते. नळीपेक्षा चेंबरच्या टोकाकडे अधिक लक्ष द्यावे. वंगण, काजळी आणि शिसे मिळून तिथे एक कडक वलय तयार होते आणि वर्षानुवर्षे तसेच राहते. नव्या काडतुसाची गोळी या वलयावर टेकून वेडीवाकडी बसते. कार्बन विरघळवणारे द्रव लावून थोडा वेळ थांबायचे आणि ब्राँझचा ब्रश त्या जागी फिरवायचा, हे पुन्हा पुन्हा केले की ते निघते. वर्षानुवर्षे कपाटात असलेल्या रायफलीत हे एक काम केले तरी गोळ्या जवळ आल्याचे दिसते.

काडतूस उडत नाही, कवच निघत नाही

विश्वासार्हतेची तक्रार सोडवताना रिकाम्या कवचासारखा साक्षीदार नाही. उडालेले आणि न उडालेले कवच शेजारी ठेवून भिंगातून कडेवरची खूण पाहावी. खूण खोल, रुंद आणि कडेवर नीट पडलेली असूनही काडतूस उडाले नसेल, तर दोष काडतुसाचा. खूण उथळ असेल तर स्प्रिंग थकली आहे, किंवा बोल्टच्या आत जुने तेल घट्ट होऊन पिनेला अडवते आहे. आपल्याकडे घरोघरी बंदुकीला तेल ‘भरपूर’ देण्याची सवय आहे. वर्षांनी ते डिंकासारखे होते, आणि थंडीच्या सकाळी पिन आणखी मंद चालते. बोल्ट उघडून तो पूर्ण कोरडा करून अगदी पातळ तेलाचा हात दिला, की उडत नसलेली कितीतरी काडतुसे उडू लागतात. खूण कडेच्या बाहेर किंवा फार आत पडत असेल, तर पिन वाकलेली किंवा तुटकी आहे, किंवा बोल्टला जास्त ढिलाई आली आहे. हे कारागिराचे काम.

आणखी एक दोष फार वेळा दिसतो आणि फार कमी लोकांना माहीत असतो. कपाटातली रायफल हाती आली की मुले रिकामा चाप ओढत बसतात. बऱ्याच जुन्या रायफलींत मध्ये काडतूस नसले की पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते. पोलादावर हळूहळू एक खोलगट खूण पडते आणि दबलेले पोलाद चेंबरच्या आत सरकून बारीक उंचवटा तयार होतो. नव्या काडतुसाचे कवच या उंचवट्यावर घासत आत जाते, म्हणून बोटाने जोर द्यावा लागतो; उडाल्यावर फुगलेले कवच त्याच उंचवट्यात अडकते; आणि कडेला मागून भक्कम आधार न मिळाल्याने ती नीट चिरडली जात नाही, म्हणून काही काडतुसे उडतच नाहीत. तीन वेगळ्या वाटणाऱ्या तक्रारींचे मूळ एकच असते. रिकाम्या कवचावर लांबीच्या दिशेने, पिनेच्या खुणेच्या सरळ रेषेत एक चकचकीत ओरखडा दिसला की हा दोष पक्का समजावा. चेंबरच्या मापाचे निमुळते पोलादी अवजार घालून कारागीर तो उंचवटा पुन्हा मूळ जागी दाबतो. तो कानशीने घासून काढू नये. दबलेले पोलाद परत ढकलायचे असते, घासले तर काठ कायमचा कमी होतो.

कवच ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची आकडी टोकाशी धारदार असावी लागते. ती गोलसर झाली किंवा तिची स्प्रिंग मरगळली, की कवच अर्ध्यावर सुटते. मॅगझिनचे ओठ वाकलेले असतील तर गोळीचे नाक चेंबरच्या काठावर आदळते आणि मऊ शिसे खरवडले जाते. मॅगझिनमधून चेंबरमध्ये गेलेले काडतूस न उडवता बाहेर काढून पाहिले की हे ओरखडे दिसतात. अशा खरवडलेल्या गोळीकडून नेमकेपणा मागण्यात अर्थ नाही, म्हणून लक्ष्यावरच्या सरावासाठी एकेक काडतूस हाताने घालण्याची जुनी पद्धत मला अजूनही योग्य वाटते.

एक काडतूस उडाले नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून तीस सेकंद थांबावे आणि मगच बोल्ट उघडावा, कारण पेट उशिरा घेणारे काडतूस क्वचित का होईना असते. काडतूस उडाले पण आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर गोळी नळीत अडकली असण्याची शक्यता धरून नळी तपासल्याशिवाय पुढचे काडतूस घालू नये.

लाकूड, स्क्रू आणि पावसाळा

नळी आणि तिच्यामागचा पोलादी सांगाडा लाकडी दस्त्यात दोन-तीन स्क्रूंनी धरलेला असतो. गोळी सुटताना नळी कंप पावते, आणि तो कंप प्रत्येक वेळी सारखाच असला तर गोळ्या एका जागी जातात. लाकडाने मात्र आपल्या इंदुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत एक आकार घ्यायचा आणि एप्रिलमध्ये दुसरा, असे चालते. पावसात फुगलेला दस्ता नळीला एका बाजूने टेकतो आणि उन्हाळ्यात लावलेला शून्य, म्हणजे नेम आणि गोळी यांचा जुळवलेला मेळ, ऑगस्टमध्ये हललेला दिसतो. लोक यासाठी माशी, म्हणजे नळीच्या तोंडाजवळची नेम धरायची खूण, सरकवत बसतात. त्याऐवजी पातळ कागदाची पट्टी नळी आणि दस्ता यांच्या मधून सरकवून पाहावी. ती जिथे अडते तिथे लाकूड टेकलेले आहे. काही जुन्या स्पोर्टिंग रायफलींत पुढच्या बाजूलाही एक स्क्रू नळीला धरून असतो. तो घट्ट, सैल आणि जेमतेम लागलेला, अशा तिन्ही स्थितींत गोळ्या मारून पाहाव्यात, कारण इथे पुस्तकी नियमापेक्षा त्या रायफलीचा स्वभाव महत्त्वाचा असतो.

मुख्य स्क्रू दर वेळी सारख्याच जोराने कसलेले असावेत. त्यासाठी ठरावीक जोरालाच थांबणारा टॉर्कचा स्क्रूड्रायव्हर उत्तम, आणि पाते स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसणारे हवे. सांगाडा ज्या जागी लाकडावर बसतो तिथले लाकूड तेल पिऊन मऊ झाले असेल, तर स्क्रू कितीही कसले तरी ते पुन्हा ढिले पडतात. अशा वेळी ती जागा साफ करून इपॉक्सीचा पातळ थर देतात, म्हणजे पोलाद कायम एकाच जागी बसते. दस्त्याला बाहेरून जवसाचे तेल लावतात तसे आतल्या खोबणीलाही लावून वाळू द्यावे. बहुतेक दस्ते बाहेरून चकचकीत आणि आतून कोरडे असतात, आणि ओलावा तिथूनच शिरतो.

चाप

चापाबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण इथे घरी करण्यासारखे काहीच नाही. चाप जड आणि खरखरीत असला की नेम धरलेला असतानाच रायफल हलते, हे खरे आहे, आणि मळ काढून स्वच्छ केल्यावर तो बराच सुधारतो. पण चापाच्या आतले जे दोन कोपरे एकमेकांना अडवून धरतात, त्यांचा कठीण थर अगदी पातळ असतो. तो घासला गेला की रायफल जमिनीवर आपटताच उडू शकते. हे काम फक्त परवानाधारक कारागिराकडून करून घ्यावे आणि नंतर बोल्ट जोरात बंद करून, दस्त्यावर रबरी हातोडीने ठोकून, रिकाम्या रायफलीची परीक्षा त्यांच्यासमोरच करावी.

नेम धरण्याचे साधन

उघड्या खाचेतून माशी आणि लक्ष्य एकाच वेळी स्पष्ट दिसणे चाळिशी लागलेल्या डोळ्याला शक्य नसते; खाच, माशी आणि लक्ष्य ही तीन वेगवेगळी अंतरे असतात आणि डोळा एकाच अंतरावर स्थिर होतो. वडिलांची रायफल वडिलांनाच आता ‘बिघडलेली’ वाटते तेव्हा पुष्कळदा कारण हे असते. मागे बारीक छिद्राचे पीप साइट बसवले तर डोळा आपोआप छिद्राच्या मध्यातून पाहतो आणि लहान छिद्रामुळे माशी व लक्ष्य दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. खेळासाठी हीच पद्धत वापरतात.

दुर्बीण बसवायची असेल तर ती रिमफायरची घ्यावी. मोठ्या रायफलींच्या बहुतेक दुर्बिणी १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर, पॅरलॅक्समुक्त केलेल्या असतात. पन्नास मीटरवर डोळा जरा सरकला तरी त्यांतली काटरेषा लक्ष्यावरून हलते. रिमफायरच्या दुर्बिणीत हे अंतर ५० यार्ड असते. जुन्या .२२ वर साधारण ११ मिलिमीटरची खोबण असते. तिच्यावर बसणाऱ्या पकडी तेलकट असतील तर सरकतात, म्हणून बसवण्यापूर्वी खोबण कोरडी करावी.

सुधारणा झाली का, हे कसे कळते

तीन गोळ्या एका जागी पडल्या म्हणून आनंदून जाऊ नये. त्याच रायफलीचे, त्याच काडतुसांचे पाच-पाच गोळ्यांचे दोन गट केवळ योगायोगाने एकमेकांच्या दुप्पट आकाराचे येऊ शकतात. म्हणून वाळूच्या पिशवीवर टेकून, वारा शांत असताना, किमान पाच गट मारावेत आणि त्यांची सरासरी घ्यावी. बदल एका वेळी एकच करावा. काडतूस, स्क्रू आणि दुर्बीण एकाच रविवारी बदलली तर नेमके कशाने सुधारले हे कधीच कळणार नाही. वहीत तारीख, तापमान, काडतुसाची खेप, स्क्रूचा जोर आणि सरासरी, एवढे लिहून ठेवावे. चांगल्या काडतुसाने आणि स्वच्छ नळीने जुनी स्पोर्टिंग रायफल पन्नास मीटरवर २० ते २५ मिलिमीटरची सरासरी देत असेल, तर ती तिच्या वयाला साजेसे काम करते आहे आणि सरावासाठी पुरेशी आहे.

कायदा, आणि शेवटी नळीचा प्रश्न

साफसफाई, स्क्रू कसणे आणि खोबणीवर दुर्बीण लावणे हे मालक करू शकतो. दुरुस्ती आणि बदल यांसाठी मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार कारागिराकडे स्वतःचा परवाना असावा लागतो, आणि कलम ६ नुसार नळी आखूड करायलाही वेगळा परवाना लागतो, मग ती सुधारणेच्या हेतूने का असेना. रायफल कारागिराकडे ठेवताना परवाना दाखवून रीतसर पावती घ्यावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, पण मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला लक्ष्यसरावासाठी वापरायच्या .२२ रायफलीपुरती या मर्यादेतून कलम ३ मध्ये सूट आहे. घरात दोन जुन्या बंदुका असलेल्यांनी ही तरतूद आवर्जून पाहावी, म्हणजे आजोबांची .२२ विनाकारण जमा करावी लागणार नाही.

हे सगळे करूनही सरासरी ४० मिलिमीटरच्या खाली येत नसेल आणि तोंडाची कडा सरळ असेल, तर चेंबरच्या पुढच्या आट्यांना खोल खड्डे पडले आहेत असे समजावे आणि कारागिराकडून बोअरस्कोपने, म्हणजे नळीच्या आत पाहण्याच्या बारीक दुर्बिणीने, खात्री करून घ्यावी. मग नवी नळी किंवा जुन्या नळीत नवी आतली नळी बसवणे, हे दोनच मार्ग उरतात. दोन्हींत परवान्यावरच्या नोंदीचा प्रश्न येतो, कारण रायफलीचा क्रमांक काही बनावटींत नळीवरही कोरलेला असतो, म्हणून कामाला हात घालण्याआधी जिल्हा दंडाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत लेखी अर्ज देऊन परवानगी घ्यावी आणि तिची प्रत परवान्यासोबत ठेवावी.